गुलमर्गला स्कीइंग: लॉजवर खिसा रिकामा न करता पोटभर कसं खायचं? (बेळगावहून ८ जण)

टिळकवाडी_ट्रेकर
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आठ जण गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालोय. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, पुढं दिल्ली ते श्रीनगर विमान, तिथून गाडी. मुक्काम सात दिवस, त्यातले सहा बर्फावर. खोल्या, स्कीचं भाडं, शिकवणी यांचा हिशेब बसला, खरं खाण्याचा बसत नाही. आठातले दोघं निपाणीकडचे जैन आहेत. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. बाकीचे सगळं खाणारे. लॉजचं जेवण घ्यावं का, बाहेर कुठं खावं, सोबत काय आणि किती न्यावं, विमानात काय अडवतात? ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांनी नेमकं लिहा.

खानापूर_घाटवाट
आधी लॉजचा दर वाचायला शिका, निम्मे पैसे तिथंच वाचतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. एपी म्हणजे सगळं. दोन दरांतला फरक माणसांवर आणि जेवणांवर भागायचा. समजा दोघांच्या खोलीला सीपी ५,००० आणि एमएपी ६,४०० सांगितलं, तर फरक १,४००, म्हणजे एका ताटाला ७०० पडले. त्याच गावात राजमा-चावलचं ताट केवढ्याला मिळतं ते फोनवर विचारा आणि मग ठरवा.

एपी घेऊ नका. दुपारी तुम्ही उतारावर असणार. जेवायला खाली लॉजवर यायचं, बूट काढायचे, परत चढवायचे, यात दीड तास जातो. मग जेवण बुडतं आणि पैसे जातात. सीपी घ्या आणि नाश्ता दाबून करा. रात्रीचं रोजच्या रोज ठरवा. फक्त जोराचा बर्फ पडायचा अंदाज असेल त्या दिवशी दुपारीच लॉजला रात्रीची वर्दी द्या, कारण अंधारात बर्फातून ढाब्यापर्यंत चालत जाणं शहाणपणाचं नाही.

बुकिंग करताना चार गोष्टी लेखी घ्या: नाश्ता किती वाजल्यापासून, गरम पाणी थर्मासमध्ये फुकट भरून देणार का, हीटरचे वेगळे पैसे आहेत का, आणि दरात कर धरलाय का. बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक असतं, काढून मागता येतं. नाश्ता नऊला सुरू होणार असेल तर शिकाऊ माणसाला तो उपयोगाचा नाही. साडेसात-आठला मिळायला हवा.

माजी_सैनिक_येळ्ळूर
जागेची माहिती देतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडोरीला, तीन हजाराच्या थोडं वर. दुसरा अफरवटला, ३,९०० च्या पुढं. जितकं वर जाल तितकं खाणं महाग आणि निवड कमी, कारण सगळं सामान खालून चढवावं लागतं. कोंगडोरीला मॅगी, चहा, भात मिळतो. दुसऱ्या टप्प्यावर खाण्याची भिस्त अजिबात ठेवू नका. शिकाऊ लोकांचे उतार खालीच, गावाला लागून असतात, त्यामुळं तुम्हाला वर खायची गरजच पडणार नाही.

खरी स्वस्ताई टंगमर्गला. गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवरचा हा बाजार. बर्फ असला की साध्या गाड्या इथंच थांबतात आणि पुढं चाकांना साखळी लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनं जावं लागतं. म्हणजे तुम्ही थांबणारच आहात. तेवढ्यात फळं, दूध, अंडी, बिस्किटं आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन टाका.

गुलमर्गमध्ये कुठं खायचं याची एकच खूण सांगतो: टॅक्सीवाले, स्कीचे उस्ताद आणि घोडेवाले जिथं बसतात तिथं बसा. टॅक्सी स्टँड आणि गंडोलाच्या वाटेवर असे ढाबे आहेत. 'वैष्णो' असं लिहिलेलं असेल तर तो शुद्ध शाकाहारी. जम्मूपासून वर सगळीकडं ही खूण चालते. बसायच्या आधी भाव विचारा, ताटात काय काय येतं ते विचारा, आणि भात परत मिळतो का तेही विचारा. बर्फाच्या दिवसांत भाजी एकच असते, तेव्हा मेनूकार्ड वाचत बसू नका. 'आज ताजं काय?' एवढंच विचारा.

रोटी ढाब्याची घेऊ नका, काश्मिरी पाववाल्याची घ्या. त्याला कांदुर म्हणतात. सकाळी तंदूरमधून गिर्दा निघतो: तळहाताएवढा, जाडसर, वर बोटांच्या रेघा. लवासा पातळ असतो. दुपारनंतर तीळ लावलेलं चोचवोरू. गिर्दा दुपारपर्यंत मऊ राहतो, मध्ये चटणी भरून कागदात गुंडाळला की खिशात मावतो. हा तुमचा उतारावरचा डबा. श्रीनगरहून किंवा टंगमर्गहून निघतानाच दोन दिवसांचे घेऊन ठेवा.

शहापूरची_अक्का
काकांनी पाव सांगितला, आता स्वयंपाकाचं मी सांगते. वर गेल्यावर जिन्नस का बिघडतात ते आधी समजून घ्या, म्हणजे काय न्यायचं ते आपोआप कळेल.

बेळगाव साधारण ७५० मीटरवर. इथं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं. गुलमर्गला ९१ च्या आसपास, अफरवटला ८७. दर तीनशे मीटरला एक अंश कमी धरा. बुडबुडे येतात म्हणून पाणी कडकडीत झालं असं वाटतं, खरं डाळीला आणि जाड रव्याला ते पुरत नाही. म्हणून शिजवायचे पदार्थ नेऊच नका. इथं पूर्ण भाजून-परतून तयार केलेलं, तिथं नुसतं भिजवायचं, असंच न्या.

उप्पिटाचं कोरडं मिश्रण असं करा. बारीक रवा एक किलो. शेंगतेल १२० मिली. तेल तापलं की मोहरी दोन चमचे, उडीद डाळ चार मोठे चमचे लालसर होईपर्यंत, मग बारीक चिरलेल्या १२ ते १५ हिरव्या मिरच्या. इथं घाई नको. मिरची पांढुरकी होऊन चमच्याला लागून खुळखुळ वाजली पाहिजे. तिच्यात ओल राहिली तर चौथ्या-पाचव्या दिवशी पाकिटाला कुबट वास येतो, आणि सगळं टाकावं लागतं. मग कढीपत्ता कुरकुरीत, मग रवा. मंद आचेवर पंधरा-अठरा मिनिटं, रंग बदलू न देता वास सुटेपर्यंत. गॅस बंद करून मीठ ३० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, सुंठ पावडर दोन चमचे, लिंबूसत्त्व अर्धा चमचा. परातीत पसरून दोन तास पूर्ण गार करा. कोमट असताना पाकीट बंद केलं की आत घाम धरतो. कांदा-लसूण काही नसल्यामुळं जैन मंडळींनाही चालेल. ओलं आलं चालत नाही, सुंठ चालते.

२४० ग्रॅमची पाकिटं करा, चार माणसांचं एक. त्याला उकळतं पाणी ६०० मिली. आता महत्त्वाचं: ज्या डब्यात भिजवणार तो स्टीलचा डबा आधी गरम पाण्यानं विसळून घ्या. तिथं खोलीतला डबा बर्फासारखा गार असतो, तोच पाण्याची उष्णता ओढून घेतो आणि रवा कचकचीत राहतो. मिश्रण घाला, पाणी ओता, एकदा ढवळा, झाकण लावून जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, दहा मिनिटं हात लावू नका. उघडून एक चमचा तूप.

किटलीत कधीही रवा घालू नका. बुडाला चिकटतो, जळतो आणि लॉजची किटली असेल तर भरपाई द्यावी लागते.

वडगाव_वायरमन
किटलीवरून सांगतो. स्वतःची न्या, ६०० वॅटची, बारक्या आकाराची. १,५०० वॅटची नेली तर हीटर आणि गिझर चालू असताना ट्रिप होते. बर्फाच्या पाण्यातून, म्हणजे पाच अंशांपासून एक लिटर उकळायला ६०० वॅटला दहा मिनिटं हिशेबानं, प्रत्यक्षात बारा-तेरा. खरं थंडीत तिकडं व्होल्टेज पडतं. २३० चं १६० झालं की किटलीची ताकद निम्म्याच्याही खाली येते आणि तेच पाणी व्हायला पंचवीस मिनिटं लागतात. किटली बिघडली असं समजून उघडू नका. आठ जणांनी संध्याकाळी सहाला एकदम पाणी तापवायला बसण्यापेक्षा सकाळी लॉजच्या स्वयंपाकघरातून थर्मास भरून घेणं सोपं.

माजी_सैनिक_येळ्ळूर
बरोबर. आणि लॉजवर बुखारी (खोली तापवायची धुराड्याची भट्टी) असेल तर वरती पाण्याचं भांडं कायम असतं, तिथून मागा, कुणी नाही म्हणत नाही. खोलीत गॅसची शेगडी किंवा कोळशाची शेगडी मात्र पेटवायची नाही. खिडक्या बंद, बाहेर बर्फ, त्यात विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. हे गंभीरपणे घ्या.

थर्मास भरायच्या आधी पाच मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवा, ते ओतून मग भरा. दुधाचा चहा भरू नका, चार तासांनी वास धरतो. साधी पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, उलटी ठेवली की बुडाकडं गोठतं आणि झाकण मोकळं राहतं.

टिळकवाडी_ट्रेकर
अक्का, मिश्रण रविवारीच करून बघतो. थर्मासमध्ये चहा नाही तर काय?

शहापूरची_अक्का
कषाय. धने चार वाट्या, जिरे दोन, बडीशेप एक, सुंठ पाव वाटी, मिरी दोन चमचे. सगळं वेगवेगळं कोरडं भाजून एकत्र दळा. लिटरभर उकळत्या पाण्यात दोन चमचे आणि गुळाचा लिंबाएवढा खडा. दूध नको. संध्याकाळपर्यंत चव बिघडत नाही. तिकडचा कहवाही असाच बिनदुधाचा, केशर-वेलची-दालचिनीचा, तो एकदा जरूर प्या. नून चाय मात्र मिठाची असते, गोड समजून घोट घेऊ नका. गिर्द्याबरोबर ती छान लागते.

निपाणी_सोडतीन
जैन मंडळींसाठी. काश्मिरी पंडितांचा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय, हिंग, बडीशेप पावडर आणि सुंठेवर होतो. त्यामुळं 'कांदा-लसूण नको' म्हटलं की तिकडच्या आचाऱ्याला कळतं. खरं दम आलू म्हणजे बटाटा, आणि नदरू म्हणजे कमळाचा देठ, चिखलातून काढलेला. हे दोन्ही नावानिशी नको म्हणून सांगा. चालण्यासारखं म्हणजे हाक (पालेभाजी), चामन (पनीर, पिवळ्या रश्श्यातलं) आणि भात. मात्र ढाब्यावर एकच रस्सा सगळ्या भाज्यांत पडतो, म्हणून चामन मागवताना रस्सा वेगळा केलाय का ते विचारा. डाळीला फोडणी नंतर घालतात, तेव्हा 'बिनफोडणीची डाळ, वरून तूप-जिरं' हे मागणं सगळ्यात सोपं.

वेळेचं गणित जास्त अवघड. जानेवारीच्या शेवटी तिकडं सूर्य सहाच्या आत मावळतो. शिकवणी चारपर्यंत. लॉजचं जेवण आठला. म्हणजे साडेचार ते साडेपाच या एका तासात जेवण व्हायला हवं, आणि त्या वेळी लॉजचं स्वयंपाकघर थंड असतं. दुपारचीच डाळ-भात साडेचारला गरम करून द्या, असं पहिल्या दिवशी ठरवून घ्या. त्याला जोड म्हणून ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, गुरेळ (कारळ्याची) चटणी न्या. कडक भाकरी गरम डाळीत चुरली की दोन मिनिटांत मऊ होते.

ती मोडू नये म्हणून गोल स्टीलच्या डब्यात, तळाला आणि प्रत्येक पाचांच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी. डबा घट्ट भरा, मोकळी जागा राहिली की रेल्वेच्या हादऱ्यात चुरा होतो. चुरा झाला तरी टाकू नका, दह्यात घाला.

गोकाक_नाका
खिशातल्या खाण्याबद्दल. मध्यम वजनाच्या माणसाला प्रत्यक्ष स्कीइंगच्या तासाला चारशे कॅलरीपर्यंत लागतात, शिकाऊ माणूस तर पडून-उठून जास्तच दमतो. आमचं गोकाकचं करदंट यासाठीच केल्यासारखं आहे: डिंक, सुकामेवा, खोबरं, गूळ. शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात, गूळ पावणेचारशेच्या आसपास. पॅकिंगमधल्या चॉकलेटला यापेक्षा जास्त पैसे कशाला द्यायचे?

एक काळजी घ्या. उणे तापमानात करदंट आणि चिक्की दगडासारखी होते, दात हलतो. घरीच सुपारीएवढे तुकडे करून छोट्या पिशव्यांत बांधा, आणि जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. बाहेरच्या खिशात ठेवलं की दुपारी चावता येणार नाही. केळी नेऊ नका, गारठली की काळी पडून पाणी सुटतं.

खानापूर_घाटवाट
पाकिटांबद्दल राहिलं. बेळगावहून गुलमर्गला हवेचा दाब पाचवा हिस्सा कमी होतो, पाकिटातली हवा सव्वापट फुगते. चटणीची, चिरमुऱ्यांची पाकिटं सील करताना हवा दाबून काढा, नाहीतर शिवण सुटते आणि शेंगा चटणीचं तेल कपड्यांना लागतं. लोणच्याची बाटली उघडताना कापड धरून हळू फिरवा.

विमानाचं: लोणचं, तेलकट चटणी, तूप सगळं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत घालू नका, तेलकट असल्यामुळं पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि काढून ठेवतात. गॅसचा डबा विमानातही नाही, रेल्वेतही नाही. आणि गाडीच्या डब्यात चार्जिंगच्या प्लगला किटली लावायची नाही, त्याला मनाई आहे.

म्युनिकचा_बेळगावकर
धागा गुलमर्गचा आहे, तरी इकडं नोकरीला आलेली आपली बरीच पोरं हिवाळ्यात आल्प्समध्ये जातात, त्यांच्यासाठी थोडं. हिशेब तोच. इकडचं हाल्बपेन्सिऑन म्हणजे आपलं एमएपी, आणि इथं ते बहुधा परवडतं, कारण बाहेरचं रात्रीचं जेवण फार महाग. दुपारी उतारावरच्या हॉटेलात बारा ते दीड गर्दी असते, सव्वाअकराला किंवा दोनला जा. बऱ्याच ठिकाणी स्वतःचा डबा खायला वेगळी खोली असते, नकाशावर बघून घ्या. हॉटेलच्या टेबलावर मात्र स्वतःचा डबा उघडायचा नाही. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद, तेव्हा शनिवारीच खरेदी उरका.

शाकाहारींनी सूपपासून जपावं. फ्रिटाटनसुप्पं दिसायला साधं, खरं ते गोमांसाच्या पाण्यात असतं. केझश्पेट्सलं (चीज घातलेल्या शेवयांसारखं) आणि कायझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे) चालतं, पण दोन्हीत अंडं आहे.

हलशी_हुलगे
गुलमर्गला बर्फ कमी पडला आणि बेत उत्तराखंडातल्या औलीला वळला तर हे उपयोगी पडेल. जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ पासून तिथला रोपवे बंद आहे, म्हणून रस्त्याचाच हिशेब धरा. गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह वर आहे, तिथं सामायिक निवासाचीही सोय आहे. बाकी स्वस्त जेवण खाली जोशीमठच्या बाजारात.

आणि तिथं आपल्या माणसाला अजिबात परकं वाटत नाही. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. गहत म्हणजे आपले हुलगे, त्याचं फाणू करतात, घट्ट माडग्यासारखं. झंगोरा वरीच्या घराण्यातला, त्याची खीर. मेनूकार्डावर हे क्वचितच असतं, आदल्या रात्री 'मंडुवे की रोटी, गहत की दाल' अशी वर्दी द्यायची. हुलगे रात्रभर भिजावे लागतात, म्हणून आयत्या वेळी मिळत नाहीत. मंडुव्याच्या रोटीनं गव्हाच्या रोटीपेक्षा पोटाला जास्त वेळ आधार राहतो.

शहापूरची_अक्का
भिजवण्यावरून आठवलं. राजमा-चावल सगळेच खाणार, म्हणून सांगते. गारठलेल्या पाण्यात राजमा नीट भिजत नाही, आणि तिथं कुकरलाही जास्त वेळ द्यावा लागतो. पहिला दाणा जिभेनं टाळूवर दाबून बघा. मऊ होऊन पसरला तर खा. मध्ये खडा लागला तर ताट परत करा, भिडेखातर खाऊ नका. कच्च्या राजम्यात असा घटक असतो की दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि बर्फात ते फार वाईट.

टिळकवाडी_ट्रेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मी असा हिशेब मांडलाय. खोल्या सीपीवर. उप्पिटाचं मिश्रण माणशी ६० ग्रॅम, आठ जण, सहा संध्याकाळी, म्हणजे तीन किलो. करदंट आणि चिक्की मिळून माणशी रोज शंभर ग्रॅम, पाच किलो. चटण्या माणशी रोज १५ ग्रॅम, सात दिवस, साधारण ८५० ग्रॅम. कषाय पावडर ३०० ग्रॅम. कडक भाकरी चाळीस. थर्मास लिटरचे चार. किटल्या दोन. काही चुकतंय का? आणि घरचे म्हणतायत कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) न्या, तो टिकेल का?

निपाणी_सोडतीन
भाकरी साठ घ्या. दोघांसाठी चाळीस पुरतील, खरं पहिल्या संध्याकाळी बाकीचे सहाही मागतील. चटण्यांत लसणाची असेल तर तिचा डबा आणि चमचा वेगळा, वर चिठ्ठी चिकटवून.

शहापूरची_अक्का
कुंदा न्या की. निघायच्या दिवशी ताजा, कोरडा भाजलेला घ्या, ओलसर नको. गार झाल्यावरच डबा बंद करा. निम्मा गाडीत संपवा. उरलेला गुलमर्गला खोलीत ठेवलात तर तूप थिजून घट्ट होईल, तेव्हा खायच्या आधी वाटी अर्धा तास बुखारीजवळ ठेवा, बुखारीवर नको. बुडाला लागला की कडू होतो.